ठिणगी केव्हा पडावी? – जुन्या ट्रकच्या इंजिनाचे टायमिंग

एखादा जुना पेट्रोलचा ट्रक माल भरून चढणीला लागला, की कधी कधी त्याच्या इंजिनातून 'टिण् टिण् टिण्' असा आवाज येऊ लागतो. पत्र्याच्या डब्यात चार खडे टाकून तो हलवावा, तसा हा आवाज असतो. जाणता मिस्त्री तो ऐकून लगेच सांगतो, "टायमिंग पुढे गेलंय." दुसऱ्या एखाद्या ट्रकचा आवाज येत नाही, पण तो चढणीवर दम धरत नाही, रेडिएटरमधले पाणी उकळते आणि पेट्रोलही जास्त लागते. मिस्त्री म्हणतो, "याचं टायमिंग मागे आहे."

दोन्ही ट्रकांना तो औषध मात्र एकच देतो. इंजिनाच्या बाजूला डिस्ट्रिब्युटर नावाचा एक डबा असतो. त्याचा बोल्ट सैल करून तो डबा जरासा फिरवायचा आणि बोल्ट पुन्हा आवळायचा. डबा फिरतो तो किती? फार तर दोन-चार अंश. एवढ्याशा फिरवण्याने टनावारी माल ओढणाऱ्या इंजिनाचा स्वभाव का बदलावा? विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाच्या उत्तरात तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातली निम्मी प्रकरणे येऊन जातात. ती आज एकत्र पाहू.

उदाहरणासाठी एक इंजिन

बोलणे नेमके व्हावे म्हणून आपण एक खरे इंजिन समोर ठेवू. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता. तो १९५४ पर्यंत चालला. या कंपनीचे शेव्हरोलेट ट्रक त्या काळी आपल्या रस्त्यांवर पुष्कळ दिसत. १९३७ ते १९५३ या काळात शेव्हरोलेटच्या मोटारी आणि ट्रक यांत सहा सिलिंडरांचे एक इंजिन बसवले जाई. '२१६' या नावाने ते ओळखले जाते. हा आकडा घन इंचांचा आहे. त्याच्या सिलिंडरचा व्यास साडेतीन इंच, म्हणजे ८८.९ मिलिमीटर आणि दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची धाव पावणेचार इंच, म्हणजे ९५.२५ मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून सहा सिलिंडरांचे घनफळ काढून पहा. २१६ घन इंचांहून किंचित जास्त, म्हणजे सुमारे साडेतीन लिटर येईल.

असे इंजिन चार धावांवर चालते, हे तुम्ही शिकला आहात. पहिल्या धावेत दट्ट्या खाली येताना पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण आत ओढतो. दुसऱ्या धावेत वर जाताना ते दाबतो. मग ठिणगी पडते, मिश्रण जळते आणि तापलेला वायू दट्ट्याला तिसऱ्या धावेत खाली ढकलतो. चौथ्या धावेत धूर बाहेर जातो. चार धावांमध्ये क्रँकचा दांडा दोन फेरे घेतो, म्हणजे ७२० अंश फिरतो. आता पुस्तकातल्या आकृतीत बहुधा असे दाखवलेले असते, की दट्ट्या अगदी वरच्या टोकाला पोचला की ठिणगी पडते. समजायला हे सोपे आहे, पण खरे नाही. ठिणगी त्याआधीच पडावी लागते.

वणवा पेटायला वेळ लागतो

डोंगरावरच्या वाळलेल्या गवताला एका कडेने आग लागली, तर सारा डोंगर एका क्षणात पेटत नाही. आगीची रेषा पुढे पुढे सरकत जाते. सिलिंडरमध्येही असेच होते. प्लग एका बाजूला असतो. तिथे ठिणगी पडली की आधी प्लगजवळचे थोडे मिश्रण पेटते आणि मग ज्योत सिलिंडरच्या दुसऱ्या कडेपर्यंत प्रवास करते. त्याला लोक 'स्फोट' म्हणतात, पण नीट चाललेल्या इंजिनात स्फोट होत नाही. जलद, पण क्रमाक्रमाने होणारे ज्वलन होते.

हा प्रवास किती वेगाने होतो? स्थिर असलेल्या मिश्रणातून, नेहमीच्या हवेच्या दाबाला, ज्योत सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर सरकते. आपल्या इंजिनात ज्योतीला जवळजवळ ८.९ सेंटिमीटर जायचे आहे. भागाकार केला तर ०.२२ सेकंद येतो. इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ३० फेरे झाले. ०.२२ सेकंदात साडेसहाहून अधिक फेरे होऊन जातील! म्हणजे ज्योत पलीकडे पोचेपर्यंत ते मिश्रण केव्हाच धुराड्यातून बाहेर गेलेले असेल. या हिशेबाने पेट्रोलचे इंजिन चालायलाच नको.

पण ते चालते. कारण सिलिंडरमधले मिश्रण स्थिर नसते. झडपेच्या अरुंद वाटेने ते वेगाने आत घुसते, घुसळले जाते, त्यात भोवरे उठतात. या खळबळीने ज्योतीची रेषा फाटते, सुरकुतते आणि तिचा वेग अनेक पटींनी वाढतो. वारा सुटला की वणवा कसा धावतो, ते आठवा. या खळबळीमुळे ज्वलनाचा काळ काही सहस्रांश सेकंदांवर येतो. म्हणजे फार थोडा. पण शून्य नव्हे. टायमिंगचा सारा प्रश्न या 'शून्य नव्हे' मधून निघतो.

सायकलच्या पायडलचा धडा

आता दुसरा प्रश्न. जळलेल्या वायूचा दाब सर्वांत जास्त केव्हा असावा? उत्तर तुमच्या पायांना माहीत आहे. सायकलचे पायडल अगदी वर असताना त्यावर सरळ खाली कितीही जोर दिला, तरी चाक फिरत नाही. जोर सगळा आसावर जातो. पायडल थोडे पुढे झुकले की तोच जोर फिरवण्याच्या कामी येऊ लागतो. क्रँकचेही तसेच आहे. दट्ट्या अगदी वर असताना त्याचा दांडा आणि क्रँक एका रेषेत असतात. तेव्हा पडलेला दाब बेअरिंगांना ठोकण्यापलीकडे काही करत नाही.

मग पायडल आडवे होईपर्यंत, म्हणजे ९० अंशांपर्यंत थांबावे का? तेही बरे नाही. कारण तोवर दट्ट्या बराच खाली गेलेला असतो, जागा वाढते आणि वायूचा दाब उतरतो. उशिरा जळलेल्या मिश्रणाची उष्णता दट्ट्याला ढकलण्याऐवजी धुराबरोबर बाहेर जाते आणि वाटेत झडपा व धुराचा नळ तापवते. मागे राहिलेल्या टायमिंगचा ट्रक गरम का होतो, ते आता ध्यानात आले असेल. त्याच्यात पेट्रोल तेवढेच जळते, पण चुकीच्या वेळी.

या दोन अडचणींमधला मध्यम मार्ग असा, की दाबाचा कळस दट्ट्या वरच्या टोकाहून परत फिरल्यावर सुमारे १५ अंशांवर यावा. बहुतेक पेट्रोल इंजिनांना हे लागू पडते.

अंश आणि सेकंद

आता हिशेब करू. क्रँक मिनिटाला जितके फेरे घेतो, त्याच्या सहापट अंश तो एका सेकंदात फिरतो. कारण ३६० भागिले ६० म्हणजे ६. समजा, ठिणगीपासून दाबाच्या कळसापर्यंत ३ सहस्रांश सेकंद लागतात. मग:

मिनिटाला १२०० फेरे असताना सेकंदाला ७,२०० अंश. तेवढ्या वेळात क्रँक सुमारे २२ अंश फिरेल.
मिनिटाला १८०० फेरे असताना सेकंदाला १०,८०० अंश. क्रँक सुमारे ३२ अंश फिरेल.
मिनिटाला २४०० फेरे असताना सेकंदाला १४,४०० अंश. क्रँक सुमारे ४३ अंश फिरेल.

कळस वरच्या टोकानंतर १५ अंशांवर हवा आहे. म्हणून प्रत्येकातून १५ वजा करा. ठिणगी टोकाच्या आधी अनुक्रमे ७, १७ आणि २८ अंशांवर पडली पाहिजे. यालाच ठिणगी 'ॲडव्हान्स' करणे, म्हणजे आगाऊ पाडणे म्हणतात. बारा वाजता पंगत बसायची असेल तर भात बाराला चुलीवर ठेवून चालत नाही, तशातला हा प्रकार आहे.

हा हिशेब थोडा ढोबळ आहे. वेग वाढला की सिलिंडरमधली खळबळही वाढते आणि ज्योत अधिक जोराने धावते. त्यामुळे प्रत्यक्षात आगाऊपणा या आकड्यांइतक्या वेगाने वाढवावा लागत नाही. पण मुख्य गोष्ट पक्की झाली: एकच ठरावीक वेळ सर्व वेगांना चालणार नाही.

सुरुवातीच्या मोटारींत हे काम चालकाच्या हाती असे. फोर्ड कंपनीच्या प्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडीत सुकाणूच्या डाव्या बाजूला त्यासाठी एक कांडी होती. वेग वाढला की चालक ती ओढून ठिणगी पुढे आणी. पुढे हे काम यंत्राकडे गेले. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर दोन लहान वजने स्प्रिंगांना बांधून ठेवलेली असतात. दांडा जोरात फिरू लागला की वजने बाहेर फाकतात आणि ठिणगी पाडणाऱ्या कॅमला थोडे पुढे सरकवतात. जत्रेतल्या फिरत्या पाळण्यांतली वेगाबरोबर बाहेर फाकणारी आसने तुम्ही पाहिली असतीलच. तत्त्व तेच.

शिवाय एक पडद्याची डबीही बसवलेली असते. चालकाने ॲक्सिलरेटर थोडाच दाबला असेल, तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण थोडे आणि विरळ जाते. ते सावकाश जळते, म्हणून ठिणगी आणखी आधी हवी. अशा वेळी इंजिनाच्या शोषनळीतली पोकळी त्या पडद्याला ओढते आणि तो ठिणगी आणखी पुढे आणतो. ही दोन साधने वेग आणि ओझे पाहून फेरबदल करतात खरी, पण त्यांना सुरुवातीचा बिंदू कोणीतरी अचूक ठरवून द्यावा लागतो. टायमिंग 'लावणे' म्हणजे हा बिंदू ठरवणे.

ठिणगी कशी पडते?

आपल्या ट्रकची बॅटरी ६ व्होल्टची आहे. प्लगच्या फटीतून, तेही दाबलेल्या वायूतून, ठिणगी उडवायला हजारो व्होल्ट लागतात. ते काम इग्निशन कॉइल करते. तिच्यात एकाच लोखंडी गाभ्यावर थोड्या वेढ्यांचे जाड तारेचे आणि हजारो वेढ्यांचे बारीक तारेचे अशी दोन वेटोळी असतात. जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह वाहतो तेव्हा चुंबकीय क्षेत्र तयार होते. हा प्रवाह एकाएकी तोडला की क्षेत्र कोसळते आणि फॅरडेच्या नियमाप्रमाणे बारीक तारेत प्रचंड विद्युत्दाब निर्माण होतो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ठिणगी पडते ती प्रवाह सुरू होताना नव्हे, तर तुटताना. प्रवाह तोडण्याचे काम डिस्ट्रिब्युटरमधले 'पॉइंट' करतात. सहा कोपऱ्यांचा कॅम फिरतो, एकेक कोपरा येऊन पॉइंट उघडतो आणि त्याच क्षणी ठिणगी पडते. पॉइंटांच्या बाजूला असलेला कंडेन्सर तेथे ठिणगी उडू देत नाही आणि प्रवाह झटकन तोडायला मदत करतो. वरचा रोटर ती ठिणगी ज्याची पाळी असेल त्या प्लगकडे पाठवतो. आपल्या इंजिनात ही पाळी १-५-३-६-२-४ अशी असते. चार धावांत प्रत्येक सिलिंडरला एकच ठिणगी लागते. म्हणून डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. मिनिटाला १८०० फेऱ्यांवर ही पॉइंटची जोडी सेकंदाला ९० वेळा उघडते आणि मिटते!

यातून मिस्त्रीच्या कामाचा एक महत्त्वाचा नियम निघतो. डिस्ट्रिब्युटरचा १ अंश म्हणजे क्रँकचे २ अंश. डबा फिरवताना हात हलका ठेवावा लागतो, तो यासाठी.

खूण कोठे करायची?

आपल्या इंजिनाच्या ठिणगीची सुरुवातीची जागा वरच्या टोकाआधी ५ अंश अशी आहे. दट्ट्या तेथे आहे हे ओळखायचे कसे? प्लगच्या भोकातून काडी घालून दट्ट्याची उंची मोजावी, असे तुम्हाला वाटेल. पण गणित करून पहा. क्रँकची त्रिज्या धावेच्या निम्मी, म्हणजे ४७.६ मिलिमीटर. क्रँक टोकापासून ५ अंश दूर असेल तर दट्ट्या ४७.६ × (१ – कोज्या ५°) म्हणजे ०.१८ मिलिमीटर खाली असतो. दांड्याच्या कलण्यामुळे त्यात थोडी भर पडते, तरी सगळे मिळून पाव मिलिमीटरच्या आतच. काडीने हे मोजणे अशक्य.

मग मोजमाप अशा ठिकाणी करावे, जिथे तेच ५ अंश मोठे दिसतील. इंजिनाच्या मागे जड फ्लायव्हील असते. समजा, त्याचा व्यास ३० सेंटिमीटर आहे. त्याच्या परिघावर ५ अंश म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर. पाव मिलिमीटर कोठे आणि १३ मिलिमीटर कोठे! शेव्हरोलेटच्या या फ्लायव्हीलमध्ये बरोबर त्या जागी पोलादाची एक लहान गोळी ठोकून बसवलेली असते आणि घरावर एक खिडकी ठेवलेली असते. खिडकीत एक टोकदार निर्देशक असतो. गोळी त्या टोकासमोर आली, की पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या वरच्या टोकाआधी ५ अंशांवर असतो.

प्रत्यक्ष काम

आता मिस्त्री काय करतो ते क्रमाने पाहू. प्रत्येक पायरीमागचे कारणही पाहू. कारण क्रम चुकला तर काम वाया जाते.

पहिली पायरी पॉइंटांची. ते घासून स्वच्छ करायचे आणि पूर्ण उघडलेले असताना त्यांतली फट फिलर गेजने मोजायची. या इंजिनात ती सुमारे ०.४५ मिलिमीटर ठेवतात. हे आधी का? कारण फट वाढली तर कॅमचा कोपरा पॉइंटांना लवकर गाठतो, म्हणजे ते लवकर उघडतात आणि ठिणगी पुढे सरकते. टायमिंग आधी लावून नंतर फट बदलली, तर लावलेले टायमिंग बिघडते.

दुसरी पायरी पहिला सिलिंडर गाठण्याची. रेडिएटरकडून मोजायला सुरुवात करतात. त्याचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवायचा आणि दुसऱ्याने हँडलने इंजिन सावकाश फिरवायचे. इग्निशन अर्थातच बंद. गोळी दर फेऱ्याला खिडकीत येते. पण दोन फेऱ्यांतून एकदाच दट्ट्या मिश्रण दाबत वर येत असतो, दुसऱ्या वेळी तो धूर बाहेर टाकत असतो. अंगठ्याखाली हवा जोराने ढकलू लागली की दाबाची धाव आली, असे ओळखायचे. मग गोळी निर्देशकासमोर येईपर्यंत फिरवत राहायचे. गोळी पुढे निघून गेली तर नुसते थोडे मागे घेऊन भागत नाही. दंतचक्रांच्या दातांमध्ये थोडी ढिलाई असते, ती उलट बाजूला जाते. तेव्हा चांगले मागे जाऊन पुन्हा चालीच्या दिशेनेच यावे.

तिसरी पायरी दिव्याची. डिस्ट्रिब्युटरच्या खाली 'ऑक्टेन सिलेक्टर' नावाची एक लहान पट्टी असते, ती शून्यावर आणायची. ६ व्होल्टच्या लहान बल्बची एक तार डिस्ट्रिब्युटरच्या तारेच्या स्क्रूला आणि दुसरी इंजिनाच्या धातूला लावायची. मग इग्निशन चालू करायचे. पॉइंट मिटलेले असताना प्रवाहाला त्यांतून सोपी वाट मिळते आणि बल्ब विझलेला राहतो. पॉइंट उघडले की ती वाट बंद होते, प्रवाह बल्बमधून जातो आणि तो लागतो. म्हणजे बल्ब लागण्याचा क्षण हाच ठिणगीचा क्षण. डोळ्याने न दिसणारी फट विजेने कशी दिसू लागते, पहा!

चौथी पायरी डबा फिरवण्याची. या इंजिनाचा रोटर वरून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. डबा त्याच दिशेने थोडा फिरवला की पॉइंट मिटतात. मग उलट दिशेने अगदी सावकाश फिरवत यायचे आणि बल्ब लागला त्या जागी थांबून बोल्ट आवळायचा. कोणत्या बाजूने फिरवले की काय होते, याचा गोंधळ पुष्कळांचा होतो. तो टाळायला एक युक्ती सांगतो. पाहुणा रस्त्याने येत आहे. तुम्ही त्याला सामोरे गेलात तर भेट लवकर होते. त्याच्याच दिशेने पुढे चालू लागलात तर उशिरा. डबा रोटरला सामोरा नेला की ठिणगी लवकर, त्याच्या दिशेने नेला की उशिरा.

पाचवी पायरी पडताळ्याची. इंजिन हँडलने पूर्ण दोन फेरे फिरवायचे. गोळी निर्देशकासमोर येताच बल्ब लागला, तर काम बरोबर.

थांबलेली गोळी

हे झाले थांबलेल्या इंजिनाचे. चालत्या इंजिनाचे टायमिंग पाहायला टायमिंग लाइट वापरतात. हा दिवा पहिल्या प्लगच्या तारेला जोडलेला असतो आणि त्या प्लगला ठिणगी पडली की क्षणभर चमकतो. इंजिन संथपणे, मिनिटाला ४८० फेऱ्यांनी चालत आहे असे धरा. फ्लायव्हील सेकंदाला ८ फेरे घेते, त्यामुळे गोळी नुसत्या डोळ्यांना दिसणे शक्य नाही. पण दिवा दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे सेकंदाला चार वेळा चमकतो आणि प्रत्येक वेळी गोळी त्याच जागी आलेली असते. म्हणून ती फिरत्या फ्लायव्हीलवर जणू थांबलेली दिसते. वेग वाढवला की मात्र गोळी निर्देशकापर्यंत पोचण्याआधीच दिसू लागते. याचा अर्थ आतली वजने फाकून ठिणगी पुढे आणत आहेत. ती हललीच नाही, तर वजने गंजून अडकली आहेत, असे समजावे.

येथे सावधगिरीचा एक शब्द. या उजेडात फिरता पंखासुद्धा स्थिर दिसू शकतो. तो स्थिर नसतो! शिवाय बंद शेडमध्ये इंजिन चालवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो प्राण घेतो.

तो 'टिण् टिण्' आवाज

आता सुरुवातीच्या आवाजाकडे वळू. सायकलच्या पंपाचे तोंड दाबून धरून हवा मारली की पंप गरम होतो. सिलिंडरमध्ये मिश्रण सुमारे साडेसहापट दाबले जाते, तेव्हा त्याचे तापमान ३०० अंश सेल्सियसच्या आसपास जाते. नंतर ज्योत पेटली की जळालेला वायू फुगतो आणि पलीकडच्या कोपऱ्यातले न जळालेले मिश्रण आणखी दाबतो, आणखी तापवतो. ठिणगी फार लवकर पडली असेल तर दट्ट्याही वर येऊन त्याला दाबतच असतो. अखेर ज्योत येऊन पोचण्याआधीच त्या कोपऱ्यातले मिश्रण आपोआप आणि एकदम पेटते. दाबाच्या लाटा धातूवर आदळतात. तोच हा आवाज. याला 'नॉकिंग' म्हणतात. ते फार वेळ चालले तर दट्ट्याला भोकसुद्धा पडते.

पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही, ते ऑक्टेन अंकाने सांगतात. आयसो-ऑक्टेन या द्रव्याला १०० आणि सहज नॉक होणाऱ्या हेप्टेनला शून्य धरून हे माप बनवले आहे. वर सांगितलेली ऑक्टेन सिलेक्टरची पट्टी त्यासाठीच. पेट्रोल हलके मिळाले तर चालक ती थोडी मागे सरकवी. रस्त्यावरची शेवटची परीक्षाही अशीच घेतात. वरच्या गिअरमध्ये सावकाश चालत असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. अगदी हलका 'टिण्' आवाज येऊन लगेच थांबला तर टायमिंग ठीक. आवाज टिकून राहिला तर थोडे मागे घ्यायचे.

नॉकिंगच्या इतिहासाला एक काळी बाजू आहे. डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना आढळले, की टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये किंचित मिसळले तर नॉकिंग थांबते. इंजिनांना ते मानवले, माणसांना नाही. शिसे धुरातून हवेत पसरले आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते विशेष घातक असते. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाली. मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते २०२१ मध्ये थांबले. एका आवाजावरचा उपाय मागे घ्यायला जगाला शंभर वर्षे लागली.

हँडल आणि मनगट

जुन्या ट्रकवर काम करणाऱ्याने आणखी एक गोष्ट कधी विसरू नये. ठिणगी पुढे असताना हँडल मारले, तर दट्ट्या वर पोचण्याआधीच दाबाचा कळस येतो. हाताने फिरवताना वेग इतका कमी असतो, की वर येणारा दट्ट्या मागे ढकलला जातो आणि हँडल उलटे फिरते. अशा झटक्याने किती तरी मनगटे मोडली आहेत. म्हणून जुने ड्रायव्हर शिकवीत, की अंगठा हँडलभोवती न गुंडाळता बोटांच्या बाजूलाच ठेवा आणि हँडल वर ओढा, खाली दाबू नका. उलटा झटका आलाच तर बोटे उघडून हँडल सुटून जाते. हा धोका संपवला तो विजेच्या स्टार्टरने. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला असा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत प्रथम आला. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची वर सांगितलेली रचनाही केटरिंग यांचीच.

आजच्या इंजिनांत

आज आपल्याकडचे मोठे ट्रक मुख्यतः डिझेलवर चालतात. त्यांत प्लग नाही आणि ठिणगीही नाही. हवा इतकी दाबली जाते, की आत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. पण तेथेही प्रश्न तोच आहे: फवारा केव्हा मारायचा? त्याचेही टायमिंग अंशांतच मोजतात. पेट्रोल मोटारींतून पॉइंट आणि डिस्ट्रिब्युटर गेले आहेत. क्रँकची जागा एक संवेदक सांगतो, नॉकिंगचा आवाज दुसरा संवेदक ऐकतो आणि एक छोटा संगणक ठिणगीची वेळ ठरवतो. मिस्त्रीचा कान आणि हात यांचे काम तो करतो. ज्योतीला लागणारा वेळ आणि क्रँकचा कोन यांचे गणित मात्र बदललेले नाही.

करून पहा

जाड पुठ्ठ्याच्या चकतीवर मध्यापासून ४ सेंटिमीटरवर टाचणी लावा. तिला १६ सेंटिमीटर लांबीची पुठ्ठ्याची पट्टी अडकवा आणि पट्टीचे दुसरे टोक एका सरळ खाचेतून वर-खाली सरकेल असे करा. हा झाला तुमचा क्रँक आणि दट्ट्या. चकतीवर दर १० अंशांना खूण करा, प्रत्येक खुणेला दट्ट्या टोकापासून किती खाली आला ते मोजा आणि आलेख काढा. पहिल्या १० अंशांत तो १ मिलिमीटरही हलणार नाही. ८० पासून ९० अंशांपर्यंत मात्र सुमारे ७ मिलिमीटर उतरेल. खूण फ्लायव्हीलवर का करतात, हे तुमचा आलेखच सांगेल.

विचार करा

१. सहा सिलिंडरांच्या इंजिनात दोन ठिणग्यांमध्ये क्रँक किती अंश फिरतो? डिस्ट्रिब्युटर किती?
२. पॉइंट झिजून त्यांतली फट कमी झाली, तर ठिणगी पुढे जाईल की मागे?
३. टायमिंग ४ अंश पुढे आणायचे आहे. डबा किती अंश आणि कोणत्या दिशेने फिरवाल?
४. टायमिंग लाइट चुकून सहाव्या सिलिंडरच्या तारेला जोडला, तरी गोळी निर्देशकासमोरच दिसते. असे का? पाळीचा क्रम पुन्हा पाहा, म्हणजे उत्तर सापडेल.